वीतभर खाली आणलेली गाडी

माझा जन्म आचऱ्याचा. साल विचारू नका, आमच्यावेळी साल कोण लिहून ठेवणार. शाळा दुसरीपर्यंत, तीही मास्तरांच्या छडीच्या भीतीनं. बापाची बैलगाडी, नारळ घालून मालवणला न्यायचा, आणि तो एक गोष्ट नेहमी सांगायचा, की चाक केवढं घ्यायचं ते गाडीवाल्यानं ठरवायचं नाही, ते रस्ता ठरवतो. मी ऐकलं आणि विसरलो, आणि मी जे सांगणार ते सगळं त्या विसरण्याचंच आहे. तुमच्याशी जमेल तसं मराठी बोलतो, मध्ये मालवणी घुसली तर घुसू दे. माझी बायको सुभद्रा असती तर तिनं नीट सांगितलं असतं. ती गेली त्याला हा चौथा महिना.

तर मी ड्रायवर. सावंतवाडीत एका गॅरेजात हात काळे करून शिकलो आणि गावात येऊन दादांच्या गाडीवर लागलो. दादा म्हणजे माडांच्या बागांचे मालक, मोठे माणूस. गाडी लढाईच्या आधीची, कापडी टपाची, घोड्यासारखी उंच. पाय ठेवून चढायची बाजूची फळी गंजून कधीच पडली होती. दादांची आई, मोठ्या काकी, गुडघ्यांनी अधू, त्यांना त्या गाडीत चढता येईना.

आता काय सांगू तुम्हाला, आमच्या गावची गावपळण तुम्हाला ठाऊक असेल नसेल. देवाचा कौल झाला की तीन दिवस तीन रात्री सगळा गाव वेशीबाहेर जाऊन राहतो, माणूस, गुरं, कोंबड्या, कुत्रं, मांजर, मागं कोणी उरायचं नाही. आधीच्या गावपळणीला मोठ्या काकींना चार गड्यांनी खुर्चीसकट उचलून वेशीपार नेलं होतं. रस्त्यात बायका बघत होत्या. काकींनी तीन दिवस तोंडात पाण्याशिवाय काही घेतलं नाही. आणि पुढच्या गावपळणीचा कौल झाला तसं त्यांनी दादांना बजावलं, माका आता कोणी उचलूचा नाय, उचललास तर माका थंयच, वेशीभायर, ठेवन येवा.

दादा म्हणाले, बाबल्या, गाडी खाली घे. आईला घरात पाऊल टाकावं तशी गाडीत चढता आली पाहिजे.

फळी नवी करून बसव म्हणाले असते तर एका सकाळचं काम. पण दादांच्या मनात मुंबईला बघितलेली एक बुटकी, ऐसपैस गाडी बसलेली. आणि खरं सांगतो, माझ्याही मनात बसली. चाकं तशी बदलायचीच होती, जुन्या मापाचे उंच टायर मिळेनात. कोल्हापूरला जुन्या बाजारात दोन जोड बघितले. एक जीपची चाकं, उंच, दातेरी टायर. दुसरी बुटकी, रुंद, टायरला पांढरा पट्टा. मी जीपच्या चाकाला हात लावला तर दादा हसले, म्हणाले, लग्नाक चल्लंव की रानात? आणि मी हात काढून घेतला. तिथं बोलायला हवं होतं. चाकांची भोकं जुळेनात, ती लोहाराकडून नवी पाडून घेतली. मग कमानींना हात घातला. गाडी ज्या पोलादी पाट्यांवर झुलते त्यांना आम्ही कमान म्हणतो, तर दर कमानीतले तीन तीन पाटे मी काढून टाकले. गाडी वीतभर खाली बसली. पांढऱ्या पट्ट्यांवर नवरीसारखी दिसायची.

सुभद्रा बघायला आली, कमरेवर हात ठेवून एक फेरी मारली आणि म्हणाली, गाडी खाली इली, बरा झाला. रस्तो पण खाली घेतलास?

मी म्हटलं, तुका काय कळता. असं बोललो. आता ते आठवतं.

मी रिकामी गाडी मालवणला नेऊन आणली, कुठं लागली नाही. पण गावपळणीला गाव रिकामा व्हायचा असतो, गाडी भरायची असते. त्या दिवशी मोठ्या काकी आपल्या पायानं आत चढल्या, कोणाचा हात धरला नाही, तोंडावर काय ते हसू. आणि मग त्यांच्या मागं भांडी आली, तांदळाचं पोतं आलं, पाटा-वरवंटा आला, कोंबड्यांचं खुराडं आलं, मांजर टोपलीत. कमानींतले तीन तीन पाटे आधीच कमी, त्या ओझ्यानं सपाट झाल्या. सुभद्रा गाडीत बसेना, मागून चालत आली. वेशीच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडं जांभ्याचा खडक वर आलेला, बैलगाड्या त्याच्यावरून रोज जायच्या. गाडी त्याच्यावर चढली आणि खालून पत्रा फाटल्यासारखा आवाज आला. तेलाची टाकी फुटली. सगळं तेल खडकावर.

गाव पार झालेला, आम्हीच मागं. दादांनी पलीकडच्या गड्यांना खुर्ची आणायला हाक मारली, खुर्ची हाडा रे. मोठ्या काकींनी गाडीचं दार घट्ट धरलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, माका हयच मराक दी.

सुभद्रा पुढं झाली. माझी हत्यारांची पेटी उचलली, पाने-पकडी सगळं रस्त्यावर ओतलं, आणि म्हणाली, काकीनू, माझ्या खांद्यार हात ठेवा, तुमच्याच पायांनी चला. दमलास तर पेटयेर बसा, घाई कोणाक आसा?

दहा पावलं चालायचं, पेटीवर बसायचं. दहा पावलं चालायचं, पेटीवर बसायचं. गाडीवाट लांबून वळते म्हणून पायवाट धरली; व्हाळाला पाणी घोट्याएवढं, पण तिथं पलीकडचा काठ गुडघ्याच्या वर. तिथं सुभद्रानं पेटी पालथी घातली, काकींनी एक पाय पेटीवर, एक काठावर, आणि चढल्या. वळून माझ्याकडं बघितलं नि म्हणाल्या, बाबल्या, गाडी ह्या काठापेक्षा उंच होती काय रे? मी पालथी पेटी सरळ केली. दादा खाली बघत होते. गाडी तीन दिवस ओसाड गावात एकटी उभी राहिली.

परत आल्यावर मी पाटे पुन्हा चढवले, जीपची चाकं आणून घातली आणि फणसाच्या लाकडाचा एक ठोकळा केला, काकी त्याच्यावर पाय ठेवून चढायच्या. काकी गेल्यावर, गाडी भंगारात गेल्यावर तो ठोकळा सुभद्रानं घरी आणला. त्याच्यावर बसून तिनं जन्मभर मासे चिरले.

शेवटी शेवटी तिचेही पाय गेले. मुलगा तिला इस्पितळात न्यायला मुंबईहून गाडी घेऊन आला, म्हणाला आयेक उचलून घेतंय. म्हणाली, ठोकळो हाड. त्याच्यावर पाय ठेवून आपली आपण गाडीत बसली, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, बाबल्या ड्रायवर, ह्या खेपेक गाडी खाली नाय घेतलास ता बरा केलास. उभ्या जन्मात नवऱ्याला नावानं हाक मारली ती तेवढीच.

परत आणली तेव्हा मात्र चौघांनी उचलली. मी सांगत होतो, हळू रे, तिला आवडत नाही. कोण ऐकतो म्हाताऱ्याचं.

झालं, एवढंच. देव तुमचे पाय चालते ठेवो. निघालात? आमची पायरी उंच आहे, पावसानं खालची माती वाहून गेली. थांबा, ठोकळा लावतो.