आज हे चित्र नको

(थंडर बे, कॅनडा. कोपऱ्यावरचं छोटं दुकान. गल्ल्यामागे इर्मामावशी, हातात सिगारेटचं पाकीट, त्यावर इशाऱ्याचं चित्र. समोर लॉइड, हातमोजेही न काढता.)

लॉइड : हे नको. दुसरं द्या.

इर्मा : अरे, पोटुशी बाई आहे. तुझंच पाकीट! खोका फोडला की तुझ्यासाठी हिलाच आधी शोधून बाजूला ठेवते मी.

लॉइड : ठाऊक आहे. आज नको.

इर्मा : इतकी वर्षं सांगतोयस, 'मावशी, मी काही बाळंत होणार नाही, तेवढं एकच चित्र मला लागू नाही.'

लॉइड : दुसरं दाखवा ना.

इर्मा : घे. हिरड्या.

लॉइड : ईऽ! मला घरी जाऊन जेवायचंय.

इर्मा : डोळा?

लॉइड : माझ्याकडेच बघतोय.

इर्मा : मग पाय. बोटं जराशी काळी पडलीत, एवढंच.

लॉइड : बाबांचा असाच झाला होता. ठेवा आत.

इर्मा : मग ही मान टाकलेली सिगारेट. पुरुषांच्या कमजोरीची.

लॉइड : ते ॲनेलीचं.

इर्मा : हो, 'मला हे कसं होणार' म्हणून. नवरा-बायको एकापेक्षा एक शहाणे! पण हल्ली दिसली नाही ती. भांडलात?

लॉइड : सोडली तिने.

इर्मा : ॲनेलीने? सिगारेट?

लॉइड : तिसरा महिना आहे.

इर्मा : अगं बाई! या वयात?

लॉइड : हळू बोला. कुणाला सांगू नका. आधी दोनदा काय झालं, माहितीये ना तुम्हाला.

इर्मा : माहितीये रे.

लॉइड : काल पाकीट टेबलावर होतं. तिने ते नुसतं उलटं ठेवलं. तर मागेही तीच बाई!

इर्मा : एक कर, स्टीलची डबी घे. सिगारेटी डबीत, चित्र कचऱ्यात.

लॉइड : आणि हल्ली सिगारेटीवरच छापतात, त्याचं काय? 'धुराने मुलांना अपाय होतो.' ते वाचत वाचत ओढू?

इर्मा : मग देऊ तरी काय तुला?

लॉइड : च्युइंगगम. आणि ते सिगारेटींच्या कपाटाचं शटर खाली ओढा.

इर्मा : ओढलं.

लॉइड : कुलूप?

इर्मा : घातलं बाबा.

लॉइड : उद्या मागितली तर किल्ली हरवली म्हणा.

इर्मा : लॉइड, किल्ली माझ्या गळ्यात लटकतेय.

लॉइड : मला नाही दिसत.