मटारांची भरली ताटली

“अरे, ही तर तोंडच उघडत नाही. हिला हॉटेलात नेऊन काय उपयोग?” वन्सं आतल्या खोलीत ह्यांना सांगत होत्या, आणि मी बाहेर चपला घालत होते. लग्नाला महिना झाला होता. श्रीगोंद्याहून आम्ही मुंबईला वन्संकडे आलो होतो.

तरी नेलं बरं का मला. इटालियन हॉटेल होतं. वेटर म्हणाला, बाजारात ताजं येईल तेच इथे शिजतं, आज कोवळे मटार आहेत. माहेरी आमच्या रानातही तेव्हा मटार भरात होता, पण ते सांगणार कुणाला? जाड शेवयांवर हिरवेगार मटार घातलेल्या तीन ताटल्या आल्या.

आता सासरची शिस्त अशी, की ह्यांचं जेवण झाल्याशिवाय मी घास घ्यायचा नाही. म्हणून काटा-सुरी ताटलीत शेजारी शेजारी नीट ठेवून मी थांबले. बहीणभाऊ लहानपणच्या गोष्टींत रमले होते. ह्यांचा शेवटचा घास झाला, मी काट्याला हात घालणार, तोच वेटरने तिन्ही ताटल्या उचलल्या. काटा-सुरी अशी ठेवली की जेवण संपलं, हा तिथला कायदा मला नंतर कळला.

वेटर घेऊन चाललेल्या माझ्या भरल्या ताटलीकडे बघत वन्संनी ह्यांना विचारलं, “हिला आवडलं नाही वाटतं?”

“नसेल आवडलं,” हे म्हणाले. “आइस्क्रीम मागवू या.”

मी दोघांच्या समोरच बसले होते. म्हटलं, “वन्सं, त्याला परत बोलवा. मी अजून जेवायची आहे.”