वाण घेतलं, सही गेली

नाव घ्या देवाचं! मोठ्यानं! ... अहो, एवढंच? जेवणं जरा जास्तच झालेली दिसतात! पुन्हा एकदा— हरी! हां. आता कसं, मांडवाच्या कापडालासुद्धा ऐकू गेलं.

मंडळी, आज मी कुठल्या राजाची गोष्ट सांगणार नाही. राक्षसाचीही नाही. राक्षस आहे गोष्टीत, पण तो अत्तर लावून येतो, गोड बोलतो, आणि जाताना हातात भेट देऊन जातो! आज आधी एक प्रश्न. सही कुणाची असते? ज्या बोटांनी केली त्यांची? की ज्यानं कागद पुढे सरकवला, त्याची?

हसू नका हो. मीही हसले होते, गोष्ट ऐकेपर्यंत.

तर ऐका. बोरतळे नावाचं गाव. गावात एक अंगणवाडी. एकेचाळीस पोरं, आणि त्या पोरांना रोज दुपारी गरम जेवण. मुगाची खिचडी, मटकीची उसळ, शनिवारी गूळ घातलेली लापशी. रांधणारी कोण? द्वारकामावशी. तिथली मदतनीस. नवरा जाऊन सोळा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि तोंड असं फटकळ की सरपंचसुद्धा लांबून जायचा!

त्या पोरांत एक शर्वी. तीन वर्षांची. तिची आई प्रणिता, बारावी झालेली, शांत पोरगी. या शर्वीचं वजन वाढेना. अंगणवाडीच्या तक्त्यावर ठिपका लाल पट्ट्यात. बायांनो, तुम्हाला ठाऊक आहे लाल पट्टा म्हणजे काय. आई पोराचा दंड हातात धरते, आणि आपलीच बोटं एकमेकांना लागतात! रात्र रात्र झोप नाही हो लागत. घरी ही पोरगी काही म्हणता काही खाईना. पण द्वारकामावशी काय करायची? खिचडीच्या ढिगात बोटानं आळं करायची, त्यात तुपाचा थेंब सोडायची आणि म्हणायची, "शरू, विहीर भरली गं! बुजव पटकन, नाहीतर बेडूक येईल!" की पोरगी बसलीच बुजवायला! एक घास, दुसरा घास, विहीर बुजली!

पाच महिन्यांत ठिपका लालातून पिवळ्यात आला. प्रणितानं त्या तक्त्याचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला. लोक लग्नाचा पाठवतात, हिनं ठिपक्याचा पाठवला!

...मृण्मयी, बाळा, टाळ तोंडात नाही घालायचा! काढा हो कुणीतरी तिच्या तोंडातून. कीर्तनकाराची लेक झाली म्हणून काय, पितळ पचतंय होय?

हां. कुठे होतो आपण? ठिपका पिवळ्यात. आणि तेवढ्यात जिल्ह्यातून एक नियम निघाला. नियम कसा गोंडस, ऐका! "ज्या गावातील निम्म्याहून अधिक माता लेखी मागणी करतील, तेथे शिजवलेल्या आहाराऐवजी पोषणाचे तयार पाकीट देण्यात यावे." वाचायला किती छान! मातांची मागणी! आईच्या शब्दाला मान! मलासुद्धा वाटलं, वा, कुणीतरी आईला विचारतंय!

पण मंडळी, कुठली आई मागते हो पाकीट? पोराच्या ताटातली खिचडी काढा आणि ही भुकटी पाण्यात कालवून द्या, असं म्हणणारी आई दाखवा मला! मग नियमात ही मागणी आली कुठून? कुणी घातली ती ओळ?

सांगते. संक्रांत झाली आणि गावात एक बाई आल्या. सुलक्षणा मॅडम. जरीची साडी, मोत्याची नथ, आणि एका संस्थेच्या अध्यक्षा. संस्थेचं नाव— माता पोषण महासंघ. "आम्ही सगळ्या आयांसाठी हळदीकुंकू ठेवलंय," म्हणाल्या. शाळेच्या पटांगणात मांडव, रांगोळी, तिळगूळ. आणि वाण काय? स्टीलचा डबा! चांगला जाड, कडीचा!

आपलं तुम्हाला ठाऊकच आहे. वाटीत कापूर, नाहीतर कंगवा मिळाला तरी आपण पदरात घेतो. इथे डबा! गाव लोटलं. एकेचाळीसच्या एकेचाळीस आया हजर. नाव घेणं सुरू झालं. प्रणितानं घेतलं—

"डब्याला झाकण, झाकणाला कडी,
योगेशरावांचं नाव घेते, लेक उठायची झाली घडी!"

हशा! टाळ्या! आणि मॅडमच्या हाताखालच्या मुलीनं पुढे कागद सरकवला. "ताई, वाण मिळाल्याची सही करा फक्त." कागदाचा वरचा भाग दुमडलेला. त्याच्यावर हळदीकुंकवाचं ताट ठेवलेलं! आता सांगा, कुठली बाई म्हणेल, "ताट उचला, मला कागद वाचू द्या"? हळदीकुंकवात कुणी वाचतं का? वाणात खोट काढतं का? एका हातात तिळगूळ, कडेवर पोर. सही केली. एकेचाळीस सह्या!

एकटी एक बाई त्या मांडवात नव्हती. कोण?

द्वारकामावशी! सकाळी पटांगण तिनं झाडलं, पाणी तिनं भरलं. पण हळदीकुंकू सुरू झालं तशी ती कुंपणाबाहेर जाऊन उभी राहिली. कुणी सांगितलं नाही. सांगावं लागत नाही ना आपल्यात! ती आपली आपणच जाते. आणि आपण? आपण बघितलं न बघितल्यासारखं करतो. ...खाली का बघताय बायांनो? मीसुद्धा खालीच बघते दरवर्षी.

महिन्यानं ग्रामपंचायतीत सुनावणी लागली. तालुक्याहून कुलथे साहेब आले. सगळ्या आयांना बोलावणं. साहेबांनी फाईल उघडली आणि म्हणाले, "बोरतळ्याचं अभिनंदन! गावातल्या शंभर टक्के मातांनी पाकिटाची मागणी केलीय."

कुणालाच कळेना! बाया एकमेकींकडे बघतायत. एक म्हणाली, "आम्ही? कधी गं?" साहेबांनी कागद वर धरला. आता ताट नव्हतं त्याच्यावर! वरती ठळक छापलेलं— "आम्ही खालील माता शिजवलेला आहार बंद करून तयार पाकीट मिळावे, अशी मागणी करतो." आणि खाली आपल्याच सह्या! प्रणिताची सही चौथी. शाळेत घोटून घोटून केलेली, 'प्र'ला शेपूट असलेली!

कल्पना करा हो! आपल्याच हाताचं अक्षर आपल्या पोराच्या ताटावर उठलेलं!

तेवढ्यात मागून द्वारकामावशी उठली. "साहेब, माझी हरकत हाये. ही भुकटी पोरं खात न्हाईत. मी चाखलीया. भिताडाला लावायच्या लायकीची बी न्हाई!"

सुलक्षणा मॅडम बसलेल्याच होत्या. गोड आवाजात म्हणाल्या, "साहेब, या बाईंना स्वयंपाकाचं मानधन मिळतं. यांचा यात हितसंबंध आहे."

हितसंबंध! शब्द बघा किती सोवळा! कुलथे साहेबांनी पेन थांबवलं. "खरंय बाई, तुमचा हितसंबंध आहे."

मावशीनं विचारलं, "म्हंजे काय?"

साहेब म्हणाले, "म्हणजे... यात तुमचं हित आहे. तुमचा संबंध आहे."

"मग हाये की! एकेचाळीस पोरांशी संबंध हाये माझा. कुणाला दात येतायत, कुणाला मटकी चालत न्हाई, समदं ठावं हाये. आन् ह्या बाईंचा वो काय संबंध? एका तरी पोराचं नाव इचारा!"

मॅडमना एकही नाव सांगता येईना!

आणि प्रणिता? ती दोन गोष्टी बघत होती. एका हातात वाटायला आणलेलं नमुन्याचं पाकीट. दुसऱ्या हातात पाकिटाबरोबर वाटलेलं महासंघाचं पत्र. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात फोन नंबर. पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात फोन नंबर. तिनं एकदा वाचला. पुन्हा वाचला. एकेक आकडा बोट ठेवून वाचला. नंबर तोच! पत्ताही तोच! मातांचा महासंघ कुठे राहतो? पाकीटवाल्यांच्या गोदामात!

ती उठली. म्हणाली, "साहेब, आयांची संस्था आणि पाकिटाचा कारखाना एकाच घरात कसा?"

मला वाटलं, आता साहेब फाईल फेकतील! मॅडम पळतील! तुम्हालाही तेच वाटलं ना?

साहेब काय म्हणाले, ऐका. "पत्ता सारखा असणं हा काही गुन्हा नाही, ताई. नियमात बसतंय."

नियमात बसतंय! अहो बसणारच! नियमात ती ओळ घालावी अशी शिफारस कुणी केली होती? महासंघानं! ज्याला आत यायचं, त्यानंच दरवाजा केला, स्वतःच्या मापाचा!

प्रणिता म्हणाली, "मग माझी सही मी परत घेते." साहेबांनी विचार केला. माणूस वाईट नव्हता हो, फक्त खुर्चीत होता. म्हणाले, "घेता येईल. पाच वाजेपर्यंत एकवीस मातांनी सह्या मागे घेतल्या, तर मी गाव यादीतून काढतो."

एकवीस! बाया उठल्याच! सोपंच की! पण सुलक्षणा मॅडम हसल्या. म्हणाल्या, "अवश्य घ्या सही परत. पण ती वाणाची सही आहे ना? मग वाणही परत करा. सौभाग्याचं वाण परत करायचं असतं की नाही, ते तुम्ही ठरवा."

बघितलंत? कुठे हात घातला, बघितलंत? कायदा नाही दाखवला, पोलीस नाही बोलावले. आपलंच कुंकू काढलं आणि आपल्यासमोर ठेवलं!

प्रणिता धावत घरी गेली. डबा फडताळात, त्यात साखर भरलेली. तिनं साखर परातीत ओतली. सासूनं हात धरला. "अगं, वाण परत? योगेशला काही झालं म्हणजे?"

"आई, त्यांना काही होणार नाही. आपल्या शर्वीला होईल!"

डबा नेऊन तिनं साहेबांच्या टेबलावर ठेवला. ठण्ण! पाठोपाठ दुसरा. तिसरा. साडेचारला बारा डबे. मावशी दारात उभी, मोजतेय. तेरा, चौदा. एक पोरगी पदराखाली डबा घेऊन फाटकापर्यंत आली. तिचा फोन वाजला. "हो... हो... नाही, नाही देत," म्हणाली, आणि तिथूनच मागे वळली. पावणेपाच. सोळा. पाचला दोन मिनिटं कमी— सतरा!

आणि साहेबांनी फाईल बांधली.

सतरा, मंडळी! चार कमी पडले! चोवीस घरांत डबे फडताळातच राहिले. त्या बाया काही दुष्ट नव्हत्या. त्यांनाही पोरं होती. कुणी नवऱ्याच्या आयुष्याला भ्यायल्या, कुणी सासूला, कुणी म्हणाल्या, माझ्या एकटीनं काय होतंय!

पुढच्या सोमवारी पाकिटं आली. मावशीची चूल थंड. शर्वीपुढे वाटी ठेवली. तिनं बोट बुडवलं, आळं करून बघितलं. त्या पातळ लगद्यात आळं होईना! पोरगी वाट बघत बसली, विहीर कधी होतेय याची. दोन महिन्यांनी वजन झालं. ठिपका परत लालात.

...हरी म्हणा. मला जरा पाणी द्या.

आता तुम्ही म्हणाल, बोरतळ्याच्या बाया भोळ्या! आम्ही असं करणार नाही. हो ना? मघाशी मांडवात येताना दाराशी टेबल होतं. त्यावर वही होती. सही केली की पाण्याची बाटली मिळत होती. किती जणांनी केली? ... वर करा हात. ... बघा! जवळजवळ सगळ्यांनी! पहिल्या पानाच्या वर काय लिहिलंय, ते कुणी वाचलं?

कुणीच नाही?

मी वाचते. वही माझ्याकडेच आहे, कारण ठेवली मीच होती. "आमच्या गावच्या अंगणवाडीतील शिजवलेले जेवण बंद करण्यास आमची काहीही हरकत नाही." खाली दोनशे अकरा सह्या. पहिली सही आपल्या सरपंचांची आहे!

मला राग नाही आला तुमचा. भीती वाटली. ही मृण्मयी याच गावच्या अंगणवाडीत जाते हो, मी याच गावची सून आहे! वही माझी होती म्हणून बरं. उद्या दुसऱ्या कुणाची असेल.

आरती थांबवा. निरंजन राहू दे तसंच, देव थांबेल थोडा. पाणी प्यालात ते प्यालात. ही वही इथे ठेवली. हे पेन. एकेकानं पुढे यायचं. आधी वाचायचं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग आपलं नाव आपल्या हातानं खोडायचं.

आणि द्वारकामावशीसारखी कुणी मागे खांबाशी उभी असेल, तर तिला आधी वाट द्या.

या. कोण येतंय?