मागून उघडा

नाही, पण मी म्हणते, खेड्यात शांतता असते ही अफवा उठवली कुणी? मला एकदा त्या माणसाला भेटायचंय! मला तर वाटलं होतं, पुलगावला गाडीतून उतरायचं, काळीपिवळीत बसून गाव गाठायचं, ओसरीवर बैठक मारायची, कानाला हेडफोन लावायचा आणि... शांतता! लिंबाचं पान गळलं तरी ऐकू येईल, असली शांतता. आणि मिळालं काय? सकाळी सातला पिठाची गिरणी, आठला देवळावरचा भोंगा, नवाला बकऱ्या, दहापासून बाबांच्या किराणा दुकानात ‘पुंडलिकराव, पावभर गूळ द्या, पुंडलिकराव, उंदराचं औषध हाये का’, आणि एप्रिल लागला रे लागला की कूलर! तुम्ही आमच्याकडचे नसाल तर सांगते, कूलर म्हणजे खिडकीत बसवलेली पत्र्याची पेटी, आत पाणी, पंखा, आणि आवाज असा की अंगणात विमान उतरायला बघतंय. आणि त्या कूलरसमोर मी! खादीचा कुर्ता, कोल्हापुरी चप्पल, गळ्यात जर्मन हेडफोन... बसले आवाजातले बारकावे शोधत!

आता हा हेडफोन काय चीज आहे ते ऐकून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. साध्या हेडफोनच्या वाटीला मागे झाकण असतं. याला नाही. याला मागे जाळी. का? तर आवाज आत कोंडला की गढूळ होतो, मोकळा सोडला की कसा, बाई समोर बसून गातेय असं वाटतं. तिचा श्वास, तिची बांगडी, गाण्याआधी गिळलेला आवंढा... सगळं! फक्त एक आहे. जे तुमच्या कानात चाललंय ते शेजारी बसलेल्याच्याही कानात बऱ्यापैकी चाललेलं असतं. मागून उघडा आहे ना तो!

हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं! परीक्षेत पाच गुणांना आलं होतं. पाचपैकी पाच पडले होते मला, जर्मन भाषेत!

बाबांना पहिल्या दिवशी दाखवला तर त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “मागून उघडा हाये हा. तू तपासून नाई घेतला?”

“बाबा, तो असाच असतो.”

“असाच कसा असन? जर्मन असला म्हनून काय झालं, थो बी फसवते. पावती हाये ना? मंग वापस पाठव.”

“बाबा, उघडाच चांगला असतो. बंदवाल्यापेक्षा महाग असतो तो.”

यावर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं... आठव्या वर्षी ही पोरगी डोंगरातल्या शाळेत पाठवली तिथेच आपलं चुकलं, असं स्वच्छ दिसत होतं हो त्यांच्या चेहऱ्यावर.

आणि मी आले होते कशाला? गावातल्या बायकांची गाणी साठवायला! तिकडे जर्मनीत आवाजाचं शिक्षण संपवलं, स्टुडिओत नोकरी मिळत होती, सोडून आले. स्टेशनवर मैत्रिणींना भाषण दिलं, ‘ज्यांचा आवाज कुणी ऐकला नाही त्यांचा आवाज मी ऐकणार!’ गाडी सुटत होती म्हणून थांबले, नाहीतर अजून अर्धा तास बोलले असते. तर जानेवारीत कापसाची वेचणी चालू होती, मी रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन रोज वावरात. बायका गाईनात. सगळ्या एकमेकींकडे बघून हसायच्या. शेवटी आमच्या शेजारच्या अनुसयाबाईंची सून, रक्षा, माझ्याच वयाची, ती जवळ आली आणि पदराचं टोक चावत म्हणाली, “ताई, हे कोनी आयकन तं नाई ना?”

मी तिचे दोन्ही हात धरले. हो, धरलेच! म्हटलं, “रक्षा, हा आवाज माझ्या कानांपलीकडे जाणार नाही. शब्द देते.”

“माह्या सासूले तं नाई ना समजन?”

“माझ्या कानांपलीकडे नाही!”

मग तिने गायलं. आणि ती गायली म्हणून बाकीच्या अकरा जणी गायल्या. म्हणजे बघा, बारा बायका माझ्या एका शब्दावर, आणि माझा शब्द त्या हेडफोनवर... आणि तो मागून उघडा!

बरं, वापरावा तर डोक्याला हा आवळून बसायचा. तिकडे थंडी होती, टोपीवर घालत होते, कळलं नाही. इथे अर्ध्या तासात कानशिलं ठणकायला लागायची. मग वर्ध्याला सायबर कॅफेत जाऊन वाचलं, जगभरची माझ्यासारखीच रिकामटेकडी माणसं तिथे सल्ले देत बसलेली असतात. एक म्हणतो, रुंद खोक्यावर ताणून ठेवा. मी दुकानातल्या तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यावर दोन दिवस चढवून ठेवला. सकाळी नत्थूभाऊ तेल घ्यायला आले आणि दारातच थांबले. “पुंडलिकराव,” म्हणाले, “डब्याले काऊन आयकवून राह्यले जी?” बाबा मान वर न करता म्हणाले, “पोट्टी शिकून आली.” झालं! एवढंच उत्तर. आणि नत्थूभाऊंना ते पटलंसुद्धा!

मग कानाला टेकणाऱ्या गाद्या. मखमलीच्या. जर्मनीत मखमल, ठीक आहे. पण शेहेचाळीस डिग्रीत? कान नाही हो, कानात मटकी घातली असती तर मोड आले असते! माझे लालभडक कान बघून अनुसयाबाईच म्हणाल्या, “आन इकडं. काय त्याले उन्हायात सोटर घातलं!” आणि त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याचा पदर फाडला, शंभरदा धुतलेला, लोण्यासारखा मऊ, आत स्वतःच्या वावरातला कापूस भरला, आणि दोन गाद्या शिवून दिल्या. तुम्हाला सांगते, स्वर्ग! डाव्या कानाला थोडं टोचायचं. तीन दिवस मी वहीत लिहीत होते, ‘डाव्या बाजूला मंद्र स्वर किंचित टोकदार भासतो.’ चौथ्या दिवशी उसवून पाहिलं तर सरकी निघाली.

इथे थांबले असते तर बरं नव्हतं का झालं? पण नाही! सायबर कॅफेतला कुणीतरी म्हणतो, जाळीच्या आतून पातळ नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा, लावलेला असतो, तो काढून टाका, आवाजावरचा पडदा उठेल. मी काढला. भुवया कोरायच्या चिमट्याने, श्वास रोखून. आधीच मागून उघडा, त्याला मी आणखी उघडा केला!

आणि ज्या बाईंनी गाद्या शिवल्या त्याच बाई रोज दुपारी एक वाजता सूप घेऊन आमच्याकडे. त्यांच्या घरी कूलर नाही ना. खाली बसायच्या, तुरीची डाळ पाखडायच्या, तीनला चहा घ्यायच्या आणि जायच्या. मी पलंगावर, हेडफोन लावून, गाणी ऐकून वहीत उतरवतेय. कूलरच्या आवाजापुढे काही ऐकू येईना म्हणून आवाज पूर्ण वाढवलेला. एक छोटं यंत्र होतं माझ्याकडे सेलवर चालणारं, आवाज वाढवायचं, त्याचं बटण पार शेवटपर्यंत पिळलेलं. अनुसयाबाई हाताच्या अंतरावर. पण कूलर एवढा गरजतोय, त्यांना काय कप्पाळ ऐकू येणार? असा माझा हिशेब.

तर त्या दुपारी लागलं रक्षाचं गाणं. ऐका:

‘सासू माह्यी देवभोळी, करते एकादशी,
दिसभर खाते शेंगदाने, राती म्हन्ते मी उपाशी!’

आणि त्याच क्षणी... काय सांगू तुम्हाला! पडदा उठला! खरोखर उठला! रक्षाचा आवाज असा लख्ख, असा समोर, आणि त्याच्यामागे काळीभोर शांतता. ज्या शांततेसाठी मी सात समुद्र ओलांडून आले होते ती! अंगावर काटा आला माझ्या. म्हटलं, गुंजन, जिंकलीस! नमदा काढला त्याचं हे फळ! वहीत लिहिलं सुद्धा, ‘दोन वाजून दहा मिनिटे. स्वर अत्यंत मोकळा. पार्श्वभूमी निःशब्द. नव्या गाद्यांमुळेही असेल का?’ डोळे मिटले. मान डोलावली. गाणं मागे घेतलं, परत ऐकलं. परत मागे घेतलं, परत ऐकलं. तीनदा!

कसला पडदा आणि कसलं काय! लाइन गेली होती. कूलर बंद पडला होता. नेहमी तीननंतर जाते, त्या दिवशी मेली तासभर आधी गेली. पण माझं यंत्र सेलवर ना! ते चालूच, पूर्ण आवाजात, सुनसान खोलीत... आणि हा मागून उघडा!

डोळे उघडले तर अनुसयाबाईंचं सूप हवेत. डाळ सुपात. हात थांबलेला. नजर माझ्यावर. मी घाबरून हेडफोन कानावरून ओढून काढला, तर आणखी मोठा! कारण आता तो पुढूनही उघडा! मांडीवर पडून रक्षा चौथ्यांदा गातेय, ‘दिसभर खाते शेंगदाने’, आणि मला बटण सापडेना!

अनुसयाबाई उठल्या. डाळ पदरात घेतली. “येतो मी,” एवढंच म्हणाल्या. चहा न घेता गेल्या. तुम्हाला कळतंय का? आमच्या घरात सख्खी आजी वारली होती त्या दिवशीसुद्धा ही बाई चहा घेऊन गेली होती!

मग माझं काय झालं असेल? संध्याकाळभर भिंतीला कान लावून उभी. पलीकडे भांडण नाही, रडणं नाही, भांडंसुद्धा वाजत नाही. एवढे तयार कान माझे, आणि ऐकायला काही नाही! डोळ्यांपुढे नुसती रक्षा. माहेरी धाडली तर? बोलणं टाकलं तर? आणि बाकीच्या अकरा जणी? ‘तुमचा आवाज, तुमचा हक्क’ म्हणत फिरत होते मी! जेवताना बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, “त्या हेडफोनच्या जायीले मागून रेक्झिन चिपकवता येते का?” मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, “शब्द देल्ला होता न तू? मंग सकायी जाय अन सांग. माल खराब निघाला तं गिऱ्हाइकानं बोंबलत यायची वाट नाई पाहाची, बेटा. आपन जाचं त्याच्या घरी.”

सकाळी गेले. रात्रभर पाठ केलेलं भाषण होतं, ‘विश्वास’ हा शब्द त्यात सहा वेळा होता. रक्षा अंगणात सडा टाकत होती. तिला पाहिलं आणि भाषण विसरले. म्हटलं, “रक्षा, तुझ्या सासूबाईंनी ऐकलं गं.”

बादली खाली. “कोनतं?”

“एकादशीचं.”

“पुरं?”

“चारदा.”

पोरगी पांढरीफटक. “तरीच... कालपासून बोल्ल्याच नाई. मले वाटलं ऊन लागलं त्याईले.”

तेवढ्यात दारातून अनुसयाबाई! “उभी काऊन वं गुंजन? बस. रक्षा, चहा मांड.” रक्षा आत पळाली. आणि मी? मी गुन्हेगारासारखी बाजेच्या कडेवर. म्हटलं, “अनुसयाबाई, चूक तिची नाही, माझी आहे. मी तिला शब्द दिला होता की...”

“दोन वर्सं झाले तिले आनून,” त्या मध्येच म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. “हाव अन नाई, याच्या पुढं शब्द नाई पोरीच्या तोंडात. म्या म्हटलं, मुकीच आनली बापा. भिंतीसंग राहून राह्यली मी दोन वर्सं. अन वावरात असं गाते?” मग हळूच, “आवाज चांगला हाये पोट्टीचा.”

मी म्हणणार होते काहीतरी, पण त्या एकदम उसळल्या, “पन शेंगदान्याचं खोटं हाये हो! दिसभर नाई खात. दुपारीच खातो!” आणि गुडघा जवळ ओढून घेतला. “मशीन आनली का? नाई? मंग ध्यानात ठेव.

‘सून माह्यी गुनाची, वावरात गाते गानं,
चुलीवर वरन उतू चाललं, तिकडं नाई ध्यान!’

हे मशीनीत भरून घेजो. अन दुपारी वाजवजो. आज सूप घेऊन तिलेच धाडतो म्या. लाइन गेली का लावजो.”

“अहो, पण तुम्ही थेट तिलाच म्हणा ना! समोरच आहे ती!”

“सुनेले? तोंडावर?” त्यांनी कपाळाला हात लावला. “बरी शिकली वं तू!”

चहा प्यायले. निघाले. फाटकापाशी रक्षा मागून आली, केरसुणी हातात, झाडायचं निमित्त. “ताई, काय म्हने?”

“तूच विचार ना!”

“मी? सासूले?” तिने असं पाहिलं जसं मी तिला विहिरीत उडी मारायला सांगितली. मग अगदी बारीक आवाजात, “आवाज कसा लागला म्हने?”

“चांगला आहे म्हणाल्या.”

तिने तोंडाला पदर लावला. हसली की रडली, देव जाणे, केरसुणी मात्र एकाच जागी चालली होती. मग म्हणाली, “ताई, ते सासूच्या डब्याच्या चावीवालं गानं बी हाये न तुमच्याजवळ? ते बी लावजो एखांद्या दिवशी. चुकून.”

आता सांगा! घरी आले तर बाबा काउंटरवर रेक्झिनचा तुकडा आणि डिंक काढून बसलेले. म्हटलं, ठेवून द्या बाबा ते. जाळी बुजवायची नाही. आणि तिथेच, दुकानात उभ्या उभ्या, मी ठरवून टाकलं... कान तयार करायला तीन वर्षं घालवली हो मी परदेशात, सुईच्या टोकाएवढा आवाज ओळखायला शिकले, आणि आता रोज दुपारी लाइन गेली की, नाही गेली तर मीच कूलर बंद करून, बटण पार शेवटपर्यंत पिळायचं, डोळे मिटायचे, मान डोलवायची, आणि आपल्याला काही म्हणजे काही ऐकू येत नाहीये, असं तोंड करून चहा होईपर्यंत बसून राहायचं!