पलंगावरचं नाव

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. जय भीम.

आत्ताच वंदना झाली आणि आता मला बोलायला सांगितलंय. क्लबचा अध्यक्ष म्हणून माइक माझ्या हातात इतक्या वेळा आलाय की मेळाव्यात मला स्टेजवरून खाली उतरवायला माणसं लागायची. आज तोच माइक धरवत नाही. काल घरी बसून चार ओळी लिहिल्या होत्या. हसतमुख, मनमिळाऊ, सगळ्यांच्या लाडक्या, असं काहीतरी. बायकोने वाचलं नि म्हणाली, "हे कुणाबद्दल लिहिलंय?" बरोबर आहे तिचं. शोभा हसतमुख नव्हती. मनमिळाऊ तर अजिबात नव्हती. तो कागद खिशातच राहू दे.

मंडळी, काहीजण मला ओळखत नसतील. मी प्रकाश गावकर. इथे बोरीवली पूर्वेला माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. शोभा जाधव, तुमच्या शोभाताई, म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात नर्स होत्या. रिटायर झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात आपल्या क्लबात आल्या. हे 'झाल्या', 'आल्या' मला जमायचं नाही. आम्ही एका वयाचे. ती मला प्रकाश म्हणायची, मी तिला शोभा. मी तसंच बोलतो. प्रज्ञा, तुझ्या आईबद्दल मी असं बोललो तर चालेल ना बाळा?

आपला थंडीतला आनंद मेळावा आठवा. शाळेचं मैदान, दोन दिवस नुसती झुंबड. घावणे, वडे, काळ्या वाटाण्याची उसळ. आणि संध्याकाळी हाउझी. आकडे कोण पुकारायचं? शोभा. बाकीचे लोक आकड्यांना गमतीची नावं लावतात. ही नुसतं, "सात. सात नंबर." ओपीडीत पेशंट बोलवावा तसं. एकदा मागून कुणीतरी ओरडलं, "सिस्टर, केसपेपर आणू का?" तर माइकवरूनच म्हणाली, "आण. आणि पुढे येऊन तोंड उघड." अख्खं मैदान हसलं. ही पुढचा आकडा पुकारून मोकळी.

ह्या मेळाव्यातून जे जमतं त्यातून आपलं रुग्णसाहित्य केंद्र चालतं. एक खोली आहे. व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, हँडल फिरवून वरखाली करायचे पलंग. घरात कुणी आजारी पडलं तर न्यायचं, काम झालं की परत आणून द्यायचं. पैसे नाहीत. ती खोली शोभा चालवायची. परत आलेली प्रत्येक वस्तू स्वतःच्या हाताने धुवायची. पेशंटचं काय झालं हे कधी विचारायची नाही. एकदा मी विचारलं होतं एका मुलाला, "मग? वडील बरे ना आता?" त्याचा चेहरा पडला. तो गेल्यावर तिने मला असं काही झापलं की त्यानंतर मी दाराशीसुद्धा उभा राहायचो नाही.

आता जे सांगायला मी उभा आहे ते सांगतो. सोपं नाहीये. थोडं सांभाळून घ्या.

ह्या वस्तू येतात कुठून? मेळाव्यात मी माइकवरून आवाहन करतो. कुणीतरी उठतं, म्हणतं, माझ्या वडिलांच्या स्मरणार्थ एक व्हीलचेअर. टाळ्या होतात. मग आपण त्या वस्तूवर नाव रंगवतो. 'कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ.' रंग माझ्या दुकानातला, फुकट. आपल्याकडे सगळीकडेच असतं हे. बाकड्यावर असतं, पाणपोईवर असतं, देवळाच्या पायरीवर असतं. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही.

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या वडिलांच्या नावाने पलंग दिला. आबा गिरणीत होते. शेवटचे सहा महिने ते जमिनीवर गादी टाकून पडून होते. पलंग घेणं तेव्हा मला जमलं नाही. म्हणून हा पलंग मी हौसेने दिला, आणि पायाकडच्या फळीवर आतून-बाहेरून दोन्ही बाजूंनी आबांचं नाव रंगवून घेतलं. मी मिरवणारा माणूस आहे, तुम्हाला माहीत आहे. पण तेव्हा नुसता मिरवत नव्हतो.

तो पलंग पहिल्यांदा गेला मालाडला. एक रिटायर्ड बस कंडक्टर होते, छातीचं दुखणं. आडवं झालं की दम लागायचा. हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते, बसल्यासारखं झोपता येतं. म्हणून दिला. आठ दिवसांनी त्यांच्या बायकोचा फोन, दम वाढलाय. शोभा गेली. बघते तर काका उलटे झोपलेले. पायांच्या जागी उशी. हँडल फिरवलं की ह्यांचे पाय वर आणि डोकं खाली! दम वाढणार नाही तर काय होणार? शोभाने विचारलं, "काका, असे का झोपता?" काका म्हणाले, "सिस्टर, सरळ झोपलं की डोळ्यांसमोर कै. येतं. मला वाटतं माझंच लिहून आणलंय."

शोभा तिथून थेट माझ्या दुकानात आली. "प्रकाश, क्रीम रंगाचा छोटा डबा दे. एक ब्रश दे." मी म्हटलं, घरी रंगकाम काढलंस काय? म्हणाली, "छोटंसंच आहे." वर डिस्काउंट मागितला. मी दिला ना! माझ्याच दुकानातल्या रंगाने बाईने माझ्याच बापाचं नाव पुसलं.

मला कळलं तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल? पुढच्या मीटिंगमध्ये मी नुसता आरडाओरडा केला. तुमच्यातले बरेच जण होतात तिथे. तिने त्या काकांची हकिगत सांगितली. मी म्हटलं, एक माणूस घाबरट निघाला म्हणून सगळ्यांचे आईबाप पुसणार काय? आणि मग जे बोलू नये ते बोललो. म्हटलं, "तुझ्या बापाचं नाव असतं तर पुसलं असतंस?"

शोभाचा आवाज चढला नाही. म्हणाली, "प्रकाश, माझा बाप रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. त्याचं नाव रेशनकार्ड सोडलं तर कुठे लिहिलं गेलं नाही. आणि तेही चुकीचं होतं. म्हणून काय मी त्याला विसरले?"

तेव्हाच गप्प बसायला हवं होतं मी. बसलो नाही. देणगीदार नाराज होतील, मेळाव्यात कुणी उठणार नाही, असं म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी जिंकलो. दुसऱ्या दिवशी तो पलंग काकांकडून खोलीवर परत मागवला आणि नाव पुन्हा काढलं. स्वतःच्या हाताने. आधी काळ्या रंगात होतं, ह्या वेळी लाल. आधीपेक्षा मोठं.

मला वाटलं, आता ही क्लब सोडणार. सोडला नाही. काकांना तिने नुकताच परत आलेला बिननावाचा जुना पलंग बदलून दिला आणि काम चालू ठेवलं. माझ्याशी कामापुरतं बोलायची. मीही कामापुरतंच बोलायचो. दोन वर्षं गेली अशी. मी तिची माफी मागितली नाही. रोज वाटायचं, मागू. पण आज नको, उद्या. काय घाई आहे?

मग तिची पाठ दुखायला लागली. आयुष्यभर दुसऱ्यांना औषधं वेळेवर दिली, स्वतःचं दुखणं अंगावर काढलं. निदान झालं तेव्हा दुखणं हाडांत उतरलं होतं. दिवाळीनंतर तिला घरी पलंग लागला, तो केंद्रातून गेला. कुठला गेला, मी विचारलं नाही. चावी दुसऱ्याकडे होती आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातही आलं नाही.

मी तिला तीनदा भेटायला गेलो. तिन्ही वेळा मनाशी ठरवून. शोभा, माझं चुकलं, एवढंच बोलायचं होतं. आणि बोललो काय? मंडपवाल्याबद्दल. मैदानाच्या परवानगीबद्दल. शेवटच्या वेळी तिनेच विचारलं, "ह्या वर्षी हाउझी कोण पुकारणार रे?" मी म्हटलं, तूच, अजून वेळ आहे. म्हणाली, "खोटं बोलू नको. मी नर्स आहे." मी उठलो, पाणी प्यायलो, निघालो. जिना उतरताना रडलो, ते तिला दिसलं नाही.

ती गेली त्यानंतर चार दिवसांनी पलंग परत आला. तिच्या जागी तो उतरवून घ्यायला मी खोलीवर गेलो. टेंपोतून फळी निघाली. लाल अक्षरं. माझे आबा.

मंडळी, मी तिथेच पायरीवर बसलो. ज्या पलंगावरचं नाव तिने एका परक्या माणसासाठी पुसलं होतं, त्याच पलंगावर, त्याच नावासमोर ती झोपली होती. आणि ते नाव परत तिथे कुणी काढलं होतं? मी.

प्रज्ञाला फोन केला. म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस गं? मी दुसरा पाठवला असता." ती म्हणाली, "दुसरा नव्हताच काका. बाकीचे सगळे पेशंटकडे होते. आई म्हणाली, पलंग चांगला आहे, कुणाला काही बोलू नका." मी म्हटलं, पण मी तीनदा आलो, मला नाव दिसलं कसं नाही? प्रज्ञा म्हणाली, "तुम्ही खालून फोन करायचात ना, गाडी लावतोय म्हणून. तेवढ्यात आई मला फळीवर टॉवेल टाकायला सांगायची. म्हणायची, त्याला उगाच वाईट वाटेल."

मला आठवला तो टॉवेल. मला वाटलं होतं वाळत घातलाय. मी विचारलं, आणि एरवी? प्रज्ञा म्हणाली, "एरवी नाही टाकायचो."

म्हणजे मी असायचो तेवढा अर्धा तास तिने नाव झाकलं. माझ्यासाठी. बाकी सगळा दिवस, सगळी रात्र, ती तशीच समोर बघत पडून होती. तिला ते वाचताना काय वाटलं असेल? मला कधीच कळणार नाही. मला लाज वाटते. एवढ्या लोकांसमोर सांगतो, मला स्वतःची लाज वाटते. शोभा, माझं चुकलं गं. तुला ऐकू जाणार नाही, पण तुझी लेक समोर बसलीय, तिला तरी ऐकू दे.

आता क्लबचं. ती गेल्याची बातमी ग्रुपवर आली आणि तासाभरात ठरलं, शोभाताईंच्या नावे नवीन पलंग द्यायचा. कुणीतरी अक्षरं करून पाठवली, 'कै. शोभा जाधव यांच्या स्मरणार्थ.' मीही 'छान' म्हणून अंगठ्याचं चित्र टाकलं. प्रज्ञाला पाठवलं, तर ती म्हणाली, "काका, आमच्याकडे कै. लिहीत नाहीत. कालकथित लिहितात." इतकी वर्षं एका खोलीत काम केलं, आणि मला हेही माहीत नव्हतं. इथे मागे बोर्डावर जे बरोबर लिहिलंय, ते प्रज्ञाने दुरुस्त करून दिलं म्हणून.

त्या पलंगाची घोषणा मी आज करायची होती. करतो. पलंग येईल. चांगल्यातला चांगला येईल. पण त्याच्यावर काहीच लिहिलेलं नसेल. कै. नाही, कालकथित नाही, शोभाचं नाव नाही, क्लबचं नाही. प्रज्ञाशी बोललोय मी. ती म्हणाली, "आईला हेच हवं होतं ना!"

परवा पॉलिश पेपर घेऊन आबांच्या पलंगाशी बसलो. रंग चांगल्यातला वापरला होता ना, निघता निघेना. दुपार गेली त्यात. पण निघाला. काल सकाळी तो पलंग एका घरी गेला. कुणाच्या ते सांगत नाही.

आणि एक विनंती आहे. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या आईवडिलांची नावं त्या खोलीत आहेत. वॉकरवर, व्हीलचेअरवर, कुणाच्या आजीचं तर कमोडच्या खुर्चीवर आहे. मी कुणावर जबरदस्ती करणार नाही. एकदा जबरदस्ती करून बघितलीय मी. पण येत्या शनिवारी दुपारी चारला केंद्र उघडं असेल. पॉलिश पेपर, रंग, ब्रश, सगळं मी आणतो. ज्याला पटेल त्याने यावं आणि आपल्या माणसाचं नाव आपल्या हाताने पुसावं. दुसऱ्याला पुसायला लावू नका. ते फार कठीण असतं, आणि तिने ते आपल्या सगळ्यांच्या वतीने एकटीने केलं होतं.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहा. ह्या दोन मिनिटांत शोभाचं नाव मनात घ्या. आणि शनिवारी ज्यांचं नाव पुसायला येणार आहात, त्यांचंही घ्या. मी आबांचं घेतो. ओठ हलले नाहीत तरी चालेल.

उठू या.