केळ्यांवर चाललेली गाडी

पेट्रोलशिवाय गाडी चालते, हे आपल्यापासून मुद्दाम लपवून ठेवलंय यार. म्हणून मीच ते सिद्ध करायला निघालो. गणपतीत आमच्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये प्रसादाची केळी ढिगाने उरली होती. ती गूळ घालून बाल्कनीत आंबवली आणि कुकरला नळी जोडून दारू गाळली.

बाबा म्हणाले, "वर त्यागी साहेब राहतात, माझे बॉस. त्यांना वास गेला तर माझी नोकरी जाईल."

"बाबा, हे इंधन आहे."

"ते पोलिसांना सांग."

रविवारी बाबांच्या जुन्या गाडीच्या रिकाम्या टाकीत मी ते सगळं ओतलं. गाडी खोकत खोकत चक्क सुरू झाली, फाटकापर्यंत गेली आणि बंद पडली. मी नाचतच होतो, तेवढ्यात त्यागी साहेब खाली आले. त्यांनी टाकीपाशी वाकून वास घेतला. बाबांचा चेहरा उतरला. घाबरून आई बोलून गेली, "सर, वो गणपती के प्रसाद के केले का है."

साहेब तिच्याकडे वळले. "भाभीजी, हर साल प्रसाद ऊपर भेजती हैं. इस बार सारा गाड़ी को पिला दिया?"