अकरा महिन्यांचा कागद

(चाकण रस्त्यालगत, अर्जुनरावांच्या जागेतलं फारूकचं गॅरेज. दुपार. फारूक आणि त्याची मुलगी उझ्मा.)

उझ्मा : अब्बू, तीस वर्षांचा पट्टा गेला आपला!

फारूक : गेला कसा? रजिस्टर केलेला कागद आहे. अर्जुनआबांनी स्वतः करून दिलाय. अजून आठ वर्षं बाकी आहेत.

उझ्मा : मग गेल्या वर्षी अंगठा कशावर दिलात?

फारूक : अकरा महिन्यांच्या करारावर. आबांचा रोहिदास म्हणाला, लाइटच्या मीटरला लागतो. घरचं पोरगं ते, वाचत काय बसायचं?

उझ्मा : त्यात लिहिलंय, ‘जुना पट्टा राजीखुशीने सोडला आहे.’

फारूक : या अल्ला! या वयात कुठं जाऊ मी? थांब, आबाच आले. आबा, ही जागा विकताय म्हणे?

अर्जुनराव : व्हय रं. गोदामवाला घेतुय. चारला रोहिदास मला सहीला न्हेणार हाय. तू जागा सोडलीस म्हनला.

फारूक : मी? आबा, बावीस वर्षं इथं घाम गाळला, सोडेन का?

उझ्मा : हे ऐका, आबा. ‘राजीखुशीने...’

अर्जुनराव : काय? परत वाच.

उझ्मा : ‘राजीखुशीने सोडला आहे.’

अर्जुनराव : आरं देवा.

फारूक : काय झालं, आबा?

अर्जुनराव : आमी कुळं व्हतो, फारूक. ही जमीन खंडानं कसायचो. कूळकायदा येणार म्हनल्यावर मालकानं आसाच कागद आणला. राजीखुशीनं जमीन सोडली, दे अंगठा. माझ्या बापानं न्हाई दिला. तीन दिस बांधावर बसून राह्यला, घरी सुदिक आला न्हाई. म्हून जमीन आमची झाली.

फारूक : आणि माझा अंगठा?

अर्जुनराव : मशीन घेत न्हवतं. ग्रीसनं काळा. डिझेलनं धू, म्हनलं ते मीच.

उझ्मा : तुम्हाला ठाऊक होतं, आबा?

अर्जुनराव : इचारलं न्हाई, पोरी. इचारायला पायजे व्हतं.

फारूक : चार वाजत आले. रोहिदासची गाडी दिसतेय.

अर्जुनराव : येऊ दे. त्यो टायर सरकव हिकडं.

फारूक : टायर कशाला?

अर्जुनराव : बसतो. रोहिदासला सांग, आबा आज हितनं उठत न्हाईत.